रिकाम्या बसचा फोटो

“जरा मागे या हो सगळे, माझ्या भावाला फोटो काढायचाय,” म्हणत ताईने भाजीवालीची टोपली स्वतःच उचलली आणि शेवटच्या सीटखाली नेऊन सारली.

बस टेकडीच्या पायथ्याशी थांब्यावर उभी होती. ड्रायव्हर पाण्याची बाटली भरायला उतरला होता. दुपारचं ऊन खिडक्यांतून तिरपं आत आलं होतं आणि सीटांच्या फाटक्या रेक्झिनवर पडून चमकत होतं. ताईचा भाऊ मागच्या दारापाशी, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून उभा होता. प्रवासी फार नव्हते. भाजीवाली होती, शिकवण्या घेणारे एक निवृत्त मास्तर होते, मांडीवर मूल झोपवलेली एक तरुण बाई होती आणि खिडकीला डोकं टेकून घोरणारा गॅरेजमधला एक मिस्त्री. ताईने मिस्त्रीच्या खांद्याला हात लावून त्यालाही उठवलं.

“कशाबद्दल आहे फोटो?” मास्तरांनी चष्मा सावरत विचारलं.

“आपल्या बसबद्दल. पेपरात येणार आहे.”

“मग नवी गाडी देत असतील. ही तर चढाला दमेकऱ्यासारखी धापा टाकते.”

भाजीवाली हसली. मिस्त्रीने डोळे चोळत इंजिनाबद्दल काहीतरी सांगितलं. सगळे उठून ताईच्या भावाच्या पाठीमागे शेवटच्या दोन रांगांत दाटीवाटीने बसले. तान्ह्या मुलाची बाई तेवढी जागची हलायला कचरत होती. ताईने मूल अलगद स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिलाही मागे आणलं. इस्पितळाच्या धुलाईघरात ताईची त्या दिवशी दुपारची पाळी होती. धुलाईघरातली फिकट निळी साडी तिने घरूनच नेसली होती.

“चिमण्या,” ती म्हणाली. पन्नाशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या त्या माणसाला चिमण्या म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. “मी बसू का पुढे? नुसती पाठमोरी? अगदीच ओकंओकं दिसतंय.”

त्याने लेन्सवरची नसलेली धूळ शर्टाच्या टोकाने पुसली.

“नको, ताई. तूही मागे ये.”

ती मागे आली. तरीही केसांवरून एकदा हात फिरवून घेतलाच. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसत्या सीटांच्या पाठी होत्या, एकामागे एक, आणि पार टोकाला काचेपलीकडे पांढरं पडलेलं आकाश. फोटो चांगला येणार हे त्याला बटण दाबायच्या आधीच कळलं. त्याने दोन-तीन काढले आणि उतरला. ड्रायव्हर परत आला, बस सुरू झाली. मागच्या काचेतून ताई हात हलवत राहिली.

सकाळीच संपादकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “उद्या नगरपालिकेत टेकडीवरच्या बसचा ठराव येतोय. एक फोटो लागेल. दुपारची फेरी पकड.”

“आत्ता सकाळचीच पकडतो, साहेब. सकाळी पाय ठेवायला जागा नसते.”

“म्हणूनच म्हटलं, दुपारची.”

संपादक त्याच्याकडे न बघता पानांचे खर्डे चाळत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्याच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची सोय त्यांनीच केली होती. पण पेपरचा अर्धा संसार नगरपालिकेच्या जाहिरातींवर चाले आणि खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात, हे ऑफिसात सगळ्यांनाच पाठ होतं. शिवाय पूर्वी ऑफिसात चार फोटोग्राफर होते, आता तो एकटा उरला होता. बाकीचं काम लोकांनी मोबाईलवर पाठवलेले फोटो फुकटात करत. त्याने मान हलवली होती.

फोटो पहिल्या पानावर आला, अर्ध्या पानाएवढा. वर मथळा होता, ‘हवा खाणारी बस’. खाली ओळ होती, ‘टेकडीवरील वसाहतीकडे जाणाऱ्या बसमधील नेहमीचे दृश्य’. आणि त्याखाली बारीक अक्षरांत त्याचं नाव. सभेत नगराध्यक्षांनी भाषण असं केलंच नाही. त्यांनी पेपर डोक्यावर धरला आणि सगळ्या बाजूंना सावकाश फिरवून दाखवला. “आम्ही काय बोलायचं? फोटोच बोलतोय,” एवढंच ते म्हणाले. बस बंद करायच्या ठरावाला हात वर झाले. पत्रकारांच्या बाकावरून त्याने त्याचाही फोटो काढला. नगराध्यक्षांच्या हातात त्याचाच फोटो आणि भोवती वर झालेले हात. तोही दुसऱ्या दिवशी छापून आला.

ताईचा फोन आला तेव्हा तो शाळेच्या स्नेहसंमेलनात उभा होता.

“केवढा मोठा आलाय रे फोटो. दुकानात बघितला मी.”

“हं.”

“खाली लिहिलंय ते तू लिहिलंस?”

“नाही. ते ऑफिसात लिहितात.”

“मला वाटलंच. मी सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, फोटो त्याचा आहे, अक्षरं त्याची नाहीत.”

मागे पोरांची गाणी चालली होती. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण ताईनेच घाईघाईने भाऊजींच्या औषधाची वेळ झाल्याचं सांगून फोन ठेवला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बस बंद झाली.

टेकडीवरची वसाहत मूळची खाणकामगारांची. खाण बंद पडली तरी माणसं तिथेच राहिली, कारण खाली शहरात जागा कुठली परवडायला. शहरातून वर जायला एकच रस्ता, खाणीला वळसा घालून चढणारा, एका बाजूला खोल खड्डा आणि दुसऱ्या बाजूला कापलेला खडक. रिक्षावाले त्या चढाचं नाव काढलं की नको म्हणत. भाऊजी खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीत होते. आयुष्यभर दगड फोडून धडधाकट राहिलेला तो माणूस घरी बसल्यावर दोन वर्षांत लुळा पडला. एक दिवस जेवता जेवता घास हातातून गळाला आणि उजवी बाजू गेली. ताई दर आठवड्याला त्यांना बसने इस्पितळात न्यायची. तिथली व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांचा हात वर-खाली करायची, भिंतीला धरून चालवायची. बोटं थोडी हलू लागली होती. चमचा धरता येऊ लागला होता.

बस गेली आणि तो व्यायाम थांबला. त्याने भाऊजींना आपल्या स्कूटरवर बसवून पाहिलं, पण त्यांचा तोल राहिना. ओढणीने त्याच्या पाठीशी बांधलं तरी ते एका अंगाला कलले आणि पहिल्याच वळणावर दोघंही पडता पडता वाचले. त्या दिवसापासून भाऊजींनी खुर्ची सोडली नाही.

ताईला मात्र तो स्कूटरवरून न्यायला जाऊ लागला. आपलं काम सांभाळून जमेल तसा. दोन आठवड्यांनी तीच म्हणाली, “उद्यापासून नको येऊस.”

“का? मला काही त्रास नाही.”

“सगळ्या बाया चालतात. मी त्यांच्या बाजूने तुझ्या गाडीवरून भुर्रकन जाते. बरं दिसत नाही.”

तिने एवढंच सांगितलं. बाकीचं त्याला वसाहतीतल्या दुकानदाराकडून कळलं. त्याने सिगारेट मागितली तेव्हा दुकानदार गल्ल्यात काहीतरी शोधत म्हणाला, “तुम्ही त्या बाईचे भाऊ ना? तिनेच उठवलं म्हणे सगळ्यांना. पायावर धोंडा पाडून घेतात तसं.”

“तिला काय माहीत होतं?”

“तेच तर म्हणतात लोक. तिला नसेल माहीत. ज्याला माहीत होतं त्याला कोण पकडणार? तो खाली राहतो.”

दुकानदाराचा आवाज चढलेला नव्हता. त्याने सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले, हातात दिले नाहीत.

भाजीवालीने ताईशी बोलणं टाकलं होतं. टोपली घेऊन ती आता पहाटे चालत निघे, आणि उतरताना वाटेत ताई दिसली की चाल मंद करून तिला पुढे जाऊ देई. मास्तरांच्या खालच्या शिकवण्या बंद झाल्या. गॅरेजच्या मिस्त्रीने खालीच, गॅरेजच्या मागे पथारी टाकली. तान्ह्या मुलाची बाई माहेरी निघून गेली असं कोणी म्हणे, कोणी म्हणे नवऱ्याशी भांडून गेली.

एकदा त्याने ठरवलं आणि उजाडायच्या सुमारास खाणीच्या वळणावर जाऊन उभा राहिला. वरून माणसं उतरत होती. हळूहळू रांग लांबत गेली. डबे, पिशव्या, दप्तरं. बायकांनी चपला झिजू नयेत म्हणून हातात घेतल्या होत्या. एक म्हातारा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पाय टाकत होता. खडकाची भिंत काळी, खड्ड्यातून वर आलेलं धुकं पांढरं, आणि त्या दोहोंच्या मधोमध ही माणसांची माळ. त्याने गुडघा टेकून फोटो काढला. एवढ्या वर्षांत इतक्या मनापासून त्याने क्वचितच बटण दाबलं असेल. ताई त्या रांगेत होती. तिने त्याला पाहिलं, थांबली नाही. जवळून जाताना फक्त म्हणाली, “गुडघा भिजला बघ तुझा.”

ऑफिसात त्याने फोटो संपादकांच्या टेबलावर ठेवला. संपादक बराच वेळ बघत राहिले.

“सुंदर आहे,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “खरंच सुंदर. याला जागा देतो मी.”

“बस बंद झाल्यावरची अवस्था, साहेब. आजारी माणसं आहेत वर. शाळेची पोरं आहेत.”

“हो, हो. देतो म्हटलं ना.”

जागा खरोखर मिळाली. तिसऱ्या पानावर, रंगीत. त्याच पानावर वर नगराध्यक्ष बाजारपेठेतल्या नव्या पादचारी मार्गाची फीत कापत होते. खाली, पानाच्या रुंदीभर पसरलेला त्याचा फोटो. कडेचा खड्डा कापला होता, म्हातारा आणि नातू कापले होते. धुकं आणि चालणारी माणसं तेवढी राहिली होती. मथळा होता, ‘शहराची पावले आरोग्याकडे’. खालच्या ओळीत लिहिलं होतं की पहाटे पायी चालण्याकडे नागरिकांचा कल वाढत असून टेकडीचा निसर्गरम्य परिसर त्यांना खुणावतो आहे.

तो पेपर घेऊन केबिनमध्ये शिरला. काय बोलायचं ते जिन्यावर ठरवलं होतं. त्याने पान टेबलावर उघडून ठेवलं.

“बस,” संपादक म्हणाले.

तो उभाच राहिला.

“हा फोटो खोटा आहे का?”

“नाही.”

“ही माणसं चालत नाहीयेत?”

“चालताहेत, साहेब. पण...”

“आणि तो रिकाम्या बसचा? तो खोटा होता? त्या सीटांवर माणसं होती आणि आपण पुसून काढली?”

 सीटांवर माणसं होती. ती त्याच्या पाठीमागे बसली होती. हे या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि सांगून त्याच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. संपादकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत.

“मलाही वरून फोन येतात रे,” ते म्हणाले. “तुला वाटतं तेवढं हे माझं दुकान नाही. जा. दुपारी रक्तदान शिबिर आहे, ते बघ.”

तो गेला. रक्तदान शिबिराचे फोटो काढले.

त्या रविवारी तो ताईकडे गेला तेव्हा तिने पेपरचा विषय काढला नाही. ती भाऊजींच्या आखडलेल्या हाताला तेल चोळत होती. इस्पितळातली मुलगी करायची तसं बोट एकेक करून उलगडायचा प्रयत्न करत होती, पण मूठ पुन्हा मिटत होती.

“सुटत नाही आता,” ती म्हणाली. “तिच्या हाताला सुटायची.”

भाऊजी खिडकीबाहेर बघत बसले होते. खिडकीतून रस्त्याचं शेवटचं वळण दिसे.

थंडी सुरू झाली तशी निवडणूक आली. विरोधी गटाच्या नेत्यांनी तिसऱ्या पानावरचा तो फोटो उचलला. त्यांनी पेपरकडून मूळ प्रत मागवून घेतली, खड्ड्यासकट, म्हाताऱ्यासकट, आणि चौकाचौकांत मोठाल्या फलकांवर लावली. ‘यांना कोणी चालायला लावलं?’ फलकावर कोपऱ्यात नेत्यांचा हसरा चेहरा. ताई आणि तिच्या हातातल्या चपला आता बाजारपेठेतल्या प्रत्येक वळणावर होत्या. धुलाईघरातल्या बाया तिला चिडवत, “मोठी माणसं झालात तुम्ही.” ती हसून चादरी पिळत राही.

नेते निवडून आले. नगराध्यक्ष बदलले. संपादकांनी पहिल्या पानावर नव्या नगराध्यक्षांचा हार घातलेला फोटो छापला आणि जाहिरातींची पानं पहिल्यासारखी येत राहिली.

मग एक दिवस निरोप आला. टेकडीवरच्या बसचं उद्घाटन, सकाळी, नगराध्यक्ष स्वतः पहिल्या फेरीतून प्रवास करणार. फोटोग्राफरने वेळेआधी हजर राहावं.

तो आगारात जाऊन उभा राहिला. बस धुऊनपुसून ठेवली होती, पुढच्या काचेवर फुलांची माळ होती. कंडक्टर पाटी लावत होता. पाटी पुठ्ठ्याची होती, हाताने रंगवलेली, आणि दोरीने बांधायची होती.

“नवी नाही का बनवली?” त्याने विचारलं.

कंडक्टरने दोरीची गाठ दातांनी आवळली. “स्टेशनच्या मार्गावरची गाडी आहे ही, साहेब. दुपारी परत द्यायचीय. पाटी कशाला रंगवतायत?”

“म्हणजे संध्याकाळची फेरी?”

“आमच्या वेळापत्रकात तरी नाही. उद्याचीही नाही.” मग त्याचा चेहरा पाहून कंडक्टर जरा वरमला. “गाड्याच नाहीत हो. आहेत त्याच पुरवून पुरवून चालवतोय. एक दिवस म्हणाले, दिली एक दिवस.”

तो बाजूला झाला आणि ताईला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा तिने उचलला, मागे बरीच गडबड ऐकू येत होती.

“ताई, ऐक. ही बस आजच्यापुरतीच आहे. फोटोसाठी. उद्या येणार नाहीये. लोकांना सांगून ठेव. उगाच आशा नको.”

 ताई शांतपणे म्हणाली, “माहीत आहे रे.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? तू वेळेवर ये म्हणजे झालं.”

नगराध्यक्ष आले, त्यांच्याबरोबर दोन गाड्या भरून माणसं आली. बस धापा टाकत चढली. नगराध्यक्ष पुढच्या सीटवर बसून खिडकीतून हात दाखवत होते, दाखवायला रस्त्यावर कोणी नसलं तरी. खाणीचं वळण ओलांडलं आणि वसाहत समोर आली.

थांब्यावर गर्दी होती. नगराध्यक्ष खूश झाले. “बघा,” ते त्याला म्हणाले, “बघा लोकांना काय हवं असतं. एक बस हवी असते.”

पण गर्दी टाळ्या वाजवत नव्हती. माणसांच्या पायांशी गाठोडी होती. पत्र्याच्या ट्रंका होत्या, दोरीने करकचून बांधलेल्या गाद्या, पिठाचे डबे, एक शिलाई मशीन, एक पिंजरा आणि त्यात चूप बसलेला पोपट. मास्तरांनी पुस्तकांच्या दोन पेट्या बाकाएवढ्या उंचीला एकमेकींवर रचल्या होत्या आणि स्वतः त्यावर बसले होते. भाजीवालीची टोपली आज भाजीने नव्हे, भांड्यांनी भरली होती. दुकानदारसुद्धा होता. त्याच्या वजनकाट्याची पारडी एकमेकांत घालून बांधलेली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, थांब्याच्या खांबाला टेकवून, लाकडी खुर्चीत भाऊजी बसले होते. त्यांच्या अंगावर चांगला कोट होता आणि मांडीवर घराचं कुलूप. किल्ली ताईच्या कमरेला दिसत होती. कुलूप लावलंच नव्हतं, सोबत घेतलं होतं.

“हे काय?” नगराध्यक्षांनी कुजबुजत विचारलं.

“प्रवासी आहेत, साहेब,” कंडक्टर म्हणाला.

ताईने कोणाकडे न बघता खुर्चीची एक बाजू धरली. मिस्त्री, जो आपलं सामान न्यायला म्हणून आदल्या दिवशी वर आला होता, त्याने दुसरी बाजू धरली. नगराध्यक्षांना क्षणभर काय करावं सुचेना. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि खाली उतरून स्वतः खुर्चीला हात लावला. भाऊजी कललेल्या तोंडाने त्यांच्याकडे बघत राहिले. तो फोटो अप्रतिम आला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर येणार, त्यावर ‘वचनपूर्ती’ असा मथळा येणार, खाली लोकांच्या उत्साहाबद्दल एक ओळ येणार आणि गाठोडी कडेने कापली जाणार, हे सगळं त्याला बटण दाबतानाच दिसत होतं. त्याने दाबलं.

सामान चढायला बराच वेळ लागला. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. भाजीवाली वर चढली, मागे वळली आणि ताईच्या हातातला पितळी हंडा न बोलता ओढून आत घेतला. “इथे ठेव, पायाशी,” ती म्हणाली. बस बंद झाल्यापासून ती ताईशी पहिल्यांदाच बोलत होती. ताई तिच्या शेजारी बसली. बस भरली. सीटांवर माणसं, सीटांखाली भांडी, मधल्या वाटेत ट्रंका आणि ट्रंकांवर पोरं. नगराध्यक्ष खाणीच्या वळणापर्यंत दांड्याला लटकून उभे राहिले. तिथे त्यांची गाडी मागून आली. “पुढचे कार्यक्रम आहेत,” म्हणत सगळ्यांना नमस्कार करून ते उतरले.

बस उताराला लागली. शिलाई मशीन प्रत्येक खड्ड्यात खडखडत होतं. तो ट्रंकांमधून वाट काढत ताईजवळ गेला.

“कुठे जाणार?”

“धुलाईघराच्या मागे एक खोली आहे. कोळशाची होती. साफ करून देतो म्हणाले.”

“कोळशाच्या खोलीत भाऊजी? ताई, माझ्याकडे चल. हिलाही विचारलंय मी. पुढची खोली रिकामीच असते.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“नको रे,” ती म्हणाली. “तुझ्याकडे रोज पेपर येतो.”

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, भाजीत मीठ चालत नाही असं सांगावं तसं. मग खिडकीकडे तोंड करून भाजीवालीला विचारू लागली की लेकीकडे जागा आहे का पुरेशी, की ओसरीवरच निजावं लागणार. भाजीवाली म्हणाली, ओसरी तरी कुठली, जिना आहे.

एकेका थांब्यावर माणसं उतरत गेली. मास्तरांच्या पेट्या चौकात उतरल्या आणि ते पुन्हा त्यांच्यावरच बसले, कोणाची तरी वाट बघत. पोपटाचा पिंजरा शाळेपाशी उतरला. दुकानदार कुठे उतरला ते त्याला कळलंही नाही.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी बस थांबली. धुलाईघराच्या धुराड्यातून वाफ निघत होती. त्याने कॅमेरा पाठीवर ढकलला आणि या वेळी खुर्ची स्वतः धरली, खालच्या बाजूने. वजन त्याच्याच अंगावर यावं म्हणून. ताई वरून धरून होती. पायऱ्या उंच होत्या. दुसऱ्या पायरीवर पट्टा सरकला, कॅमेरा पुढे झुलत आला आणि भाऊजींच्या गुडघ्यावर आपटला.

“लागलं का, भाऊजी?” त्याने विचारलं.

भाऊजींनी मान हलवली. आजारपणापासून ते हो म्हणायलाही तशीच मान हलवत आणि नाही म्हणायलाही. त्याने अर्थ विचारायला ताईकडे पाहिलं, पण ती खाली बघून पुढची पायरी चाचपत होती.